लिंकन घराण्याचा माग : हिंगहॅम ते हिंगहॅम

शाईदौत

इंग्लंडमधल्या नॉरिचला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात इथे जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचायला शिकवणारा एक वर्ग लावला. माझे आजोबा मोडी वाचायचे. लहानपणी त्यांच्याजवळ बसून एकेक अक्षर सुटताना पाहिलं होतं, ती गोडी इथे पुन्हा जागी झाली. सरावासाठी एखादं घराणं घ्या, असं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि मी लिंकन घेतलं. अब्राहम लिंकनचं. त्याचे पूर्वज इथल्याच नॉरफोक परगण्यातले, आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावरच्या हिंगहॅम नावाच्या छोट्या गावातले.

सुरुवात ज्या नोंदीपासून केली तीच आधी सांगते. ८ एप्रिल १६३७. त्या काळी इंग्लंड सोडून जाणाऱ्याची बंदरावर तपासणी होऊन नाव लिहून घेतलं जाई. ग्रेट यारमथच्या यादीत एक कुटुंब आहे : फ्रान्सिस लॉज, विणकर, नॉरिचचा, वय ५७. बायको लिडिया, वय ४९. एक मुलगी मेरी. आणि दोन नोकर : सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८, आणि ॲन स्मिथ, वय १९. न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, जाऊन वस्ती करण्याची इच्छा. एवढंच. जहाजाचं नाव 'जॉन अँड डोरोथी'.

हा 'लिंकॉर्न' नावाचा विणकराकडचा उमेदवार पोरगा म्हणजे पुढच्या राष्ट्राध्यक्षाचा खापरपणजोबाच्याही आधीचा पुरुष. त्याच्यापासून खाली असं येतं : सॅम्युएल, मग मॉर्डेकाय (जन्म १६५७), मग दुसरा मॉर्डेकाय (१६८६), जॉन (१७१६), कॅप्टन अब्राहम (१७४४), थॉमस (१७७८) आणि मग १८०९ मध्ये जन्मलेला आपल्याला माहीत असलेला अब्राहम.

आता मागे जाऊ. सॅम्युएलचा बाप्तिस्मा हिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये २४ ऑगस्ट १६२२ ला झाला. बापाचं नाव एडवर्ड. एडवर्डचा बाप रिचर्ड लिंकन, स्वॉन्टन मॉर्लीचा. हा रिचर्ड खरा योमन. खाऊन पिऊन सुखी, गावात वजन असलेला, चर्चचा वॉर्डन. त्याची चार लग्नं झाली. एडवर्ड हा पहिल्या बायकोचा मुलगा. जानेवारी १६१६ मध्ये रिचर्डने मृत्युपत्र केलं आणि स्वॉन्टन मॉर्लीची मिळकत शेवटच्या बायकोच्या मुलांकडे वळवली. १६२० मध्ये तो वारला. थोरला एडवर्ड हिंगहॅममध्ये थोडक्यावर राहिला, आणि त्याच्या मुलांच्या हाती नांगराऐवजी माग आला. थोरला थॉमस विणकर झाला, धाकट्या सॅम्युएलला नॉरिचच्या विणकराकडे ठेवलं.

मृत्युपत्र वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून होते. एका म्हाताऱ्याने संसार चौथ्यांदा मांडला, त्या घरातल्या पोरांसाठी हात सैल सोडला, आणि त्या एका सहीमुळे नातवंडं समुद्रापार गेली.

धागा काढायचं कारण असं, की इंग्रज शेतकरी घराण्यांचा माग काढताना सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते : समुद्रावर. इकडचा सॅम्युएल आणि तिकडचा सॅम्युएल एकच, हे कशावरून? माझी समजूत अशी झाली आहे, की नावाच्या मागे गेलात तर चुकाल, जमिनीच्या मागे गेलात तर बहुधा पोचाल. तुमचे अनुभव, शंका, सगळं येऊ द्या.

कृष्णाकाठ

फार सुंदर विषय. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे 'जमिनीच्या मागे जा' हे वाचून खुर्चीत सरसावून बसलो. योमन म्हणजे नेमकं काय ते जरा उलगडून सांगाल का? शेतकरी म्हणावं तर आपल्याकडे शेतकरी म्हणजे दोन एकरवालाही आणि दोनशे एकरवालाही. मला वाचताना आपला मिरासदार आठवला. जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, गावात मान, आणि शेजारी उपरी, ज्याला तो हक्क नाही.

शाईदौत

काका, मिरासदार हा शब्द मला सुचायला हवा होता. बराचसा तसाच. गावातली उतरंड अशी : वर जंटलमन, जो स्वतः नांगराला हात लावत नाही. त्याखाली योमन, स्वतःची जमीन कसणारा आणि चार गडी ठेवणारा. त्याखाली हजबंडमन, म्हणजे लहान शेतकरी, आणि मग मजूर. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, जमीन असणाऱ्याला १४३० पासून परगण्याचा संसद सदस्य निवडायचा हक्क होता, आणि 'योमन' म्हटलं की आधी हा माणूस डोळ्यांपुढे येई. पण बऱ्याच योमनांची काही जमीन 'कॉपीहोल्ड'ही असे. ती जहागीरदाराच्या मॅनर कोर्टात नोंदलेली. बाप मेला की मुलाने कोर्टात हजर व्हायचं, नजराणा भरायचा, कारभारी गुंडाळीवर लॅटिनमध्ये नोंद करणार आणि मुलाला तिची नक्कल मिळणार. ती नक्कल म्हणजेच 'कॉपी'.

कृष्णाकाठ

म्हणजे वारसाचा फेरफार! आणि हातातली नक्कल म्हणजे उतारा. मग माग काढणाऱ्याला याहून काय हवं. फेरफाराच्या वहीत बाप कोण, मुलगा कोण, कधी मेला, सगळं एका ओळीत येतं. नोकरीत असताना पाहिलंय, घरातल्या माणसांना आजोबांचं नाव धड ठाऊक नसायचं आणि जुन्या फेरफारात चार पिढ्या निघायच्या.

शाईदौत

अगदी तेच काका. चर्चची नोंदवही जन्म-लग्न-मरण सांगते, पण दोन नोंदींमधला संबंध सांगत नाही. 'एडवर्डचा मुलगा सॅम्युएल' एवढंच. कोणता एडवर्ड? फेरफार आणि मृत्युपत्र तो संबंध सांगतात.

बाप्तिस्म्याच्या वह्या आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या हुकुमापासून सुरू होतात. सुरुवातीच्या कागदी वह्या बऱ्याच ठिकाणी गेल्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरून काढायला सांगितलं, तेव्हा अनेक गावांनी १५५८ पासूनच्याच उतरवल्या. म्हणून पुष्कळ घराण्यांचा कागद १५५८ ला येऊन संपतो. त्याच्या मागे जायचं तर मृत्युपत्रं आणि मॅनरच्या गुंडाळ्या.

अमोघ

छान लिहिलंय, पण एक गोष्ट खटकली. बाप्तिस्मा ऑगस्ट १६२२ चा. एप्रिल १६३७ ला तो पोरगा साडेचौदा वर्षांचा असणार. यादीत वय १८. साडेतीन वर्षांचा फरक थोडाथोडका नाही. मग हा तोच सॅम्युएल कशावरून? नाव तर लिंकॉर्न लिहिलंय, लिंकनसुद्धा नाही.

शाईदौत

अमोघ, हाच प्रश्न मलाही पडला होता.

आधी स्पेलिंगचं. ते मनावर घेऊ नका. कारकून ऐकून लिहीत असे. पुढे केंटकीत याच घराण्याला 'लिंकहॉर्न' असंही लिहिलेलं सापडतं. शिवाय सेक्रेटरी हँड नावाच्या त्या वळणात 'सी' हे अक्षर आजच्या 'आर'सारखं दिसतं, 'ई' उलटा फिरवलेला असतो, 'एच'ची शेपटी ओळीखाली लोंबते. पहिल्या आठवड्यात मी एक आडनाव तीन दिवस चुकीचं वाचत होते, आणि बाईंनी पेन्सिलीचं टोक त्या 'सी'वर ठेवल्याबरोबर सगळी ओळ उलगडली. मोडीत हात न उचलता ओढलेल्या अक्षरात जसं आधी एक ओळखीचा शब्द पकडून त्याच्या आधाराने पुढे जायचं, तसंच इथे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, संदर्भाने ओळखावं लागतं. त्याची सवय असलेल्याला इथलं स्पेलिंग फार छळत नाही.

आता वय. त्या काळी वय अंदाजाने सांगत, आणि अधिकाऱ्यापुढे उभ्या पोराचं वय वाढवून सांगण्याला कारणंही असतील. त्यामुळे एकट्या वयावरून 'हाच' असंही म्हणता येत नाही आणि 'हा नव्हे' असंही नाही.

माझा भरवसा घोळक्यावर आहे. इंग्लंडच्या हिंगहॅममध्ये एडवर्डला थॉमस, डॅनियल आणि सॅम्युएल अशी मुलं होती. मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅममध्ये थॉमस, डॅनियल आणि सॅम्युएल हेच तिघं सापडतात. तिथला थॉमस विणकर आहे. सॅम्युएल ज्याच्याबरोबर गेला तोही विणकर. लॉज कुटुंब सेलममध्ये राहिलं, पण सॅम्युएल तिथे टिकला नाही, थॉमस होता त्या गावी आला. आणि १६७५ मध्ये थॉमस निपुत्रिक वारला तेव्हा त्याची जमीन सॅम्युएलच्या घराकडे आली. भावाची जमीन भावाकडे गेली, आणि तो भाऊ कोण हे तिथे पक्कं झालं.

प्राजक्त

मी बॉस्टनजवळ राहते आणि आमच्या इथले कितीतरी लोक रोज हिंगहॅमहून फेरीबोटीने शहरात कामाला येतात. गावातलं 'ओल्ड शिप चर्च' १६८१ चं. आत शिरून वर पाहिलं की लाकडी तुळया उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या सांगाड्यासारख्या दिसतात. सतराव्या शतकातलं प्युरिटन, म्हणजे चर्चमधला विधींचा थाट नको म्हणणाऱ्या, लोकांचं असं सभागृह देशात हे एकच उरलंय, आणि अजून वापरात आहे. सॅम्युएल १६९० मध्ये वारला, म्हणजे हे त्याच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं.

इथल्या जुन्या नोंदींत एक गंमत नाही, खरी अडचण आहे. गावात एकाच वेळी चार थॉमस लिंकन होते! म्हणून लिहिणाऱ्यांनी धंद्यावरून ओळखलं : विणकर थॉमस, पिंपं करणारा थॉमस, गिरणीवाला थॉमस आणि शेतकरी थॉमस. एकाच्या जागी दुसरा धरला की पुढची सगळी वंशावळ चुकीची.

शाईदौत

प्राजक्त, हे लिहिल्याबद्दल फार आभार. चार थॉमसांचं मला लिहायचंच होतं. इंटरनेटवर कुणी कुणी चढवलेल्या वंशावळींमध्ये या चौघांची सरमिसळ झालेली मी स्वतः पाहिली आहे, आणि एकाने केलेली चूक पन्नास जणांनी उचललेली असते.

तळटीप

विषय निघालाच आहे तर फ्रँकलिनची हकीकत सांगतो, कारण त्या घराण्यातही तोच समुद्र आडवा आहे. बेंजामिन फ्रँकलिनचे पूर्वज नॉर्दम्प्टनशरमधल्या एक्टन गावचे. ३० एकर फ्रीहोल्ड जमीन आणि जोडीला लोहारकी. बाप जोसाया १६८३ च्या सुमारास बॉस्टनला गेला. बेंजामिन १७५८ मध्ये मुलाला, विल्यमला, घेऊन एक्टनला आला, नोंदवही चाळली, ती १५५५ पासूनची होती. त्यातून त्याला कळलं, की आपण पाच पिढ्यांच्या धाकट्याचे धाकटे.

पण मला त्यातला एकच प्रसंग राहून राहून आठवतो. तिथल्या पाद्रीची म्हातारी बायको त्यांना चर्चच्या आवारात घेऊन गेली. फ्रँकलिनांच्या थडग्यांवर इतकं शेवाळ होतं की अक्षर दिसेना. तिने कडक ब्रश आणि पाण्याचं भांडं मागवलं. पीटरने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने मजकूर उतरवून घेतला. हे फ्रँकलिनने बायकोला पत्रात कळवलंय. हा पीटर त्याचा गुलाम होता. एका घराण्याची नावं उजेडात आणणारे हात अशा माणसाचे होते, ज्याच्या स्वतःच्या आईबापांची नोंद कुठल्याच चर्चच्या वहीत शोधायची सोय नव्हती. वंशावळी वाचताना हे विसरू नये असं मला वाटतं.

शाईदौत

तळटीप, वाचून गलबललं. आणि लिंकनच्या धाग्यात तर हे यायलाच हवं होतं.

सुनंदामावशी

नमस्कार मंडळी. माझी सून पेनसिल्व्हेनियाची. तिच्या घरी सांगतात की आम्ही मूळचे इंग्लंडमधल्या शेतकरी घराण्यातले, तीनशे वर्षांपूर्वी आलो. तिच्या वडिलांनी भिंतीवर एक ढालीचं चित्र लावलंय, त्यात सिंह आणि आडनाव. नातू आता दहा वर्षांचा आहे. आमच्या बाजूचा कुलवृत्तांत छापील आहे, तो मी त्याला दाखवला, तर विचारतो, 'आईच्या बाजूचा कुठे आहे?' त्याला काय सांगू? कुठून सुरुवात करू? मला इंग्रजी वाचता येतं, पण हे जुनं काही जमेल असं वाटत नाही.

शाईदौत

मावशी, नातवाचा प्रश्न मोलाचा आहे. तुम्हाला नक्की जमेल.

पहिलं म्हणजे ढाल. ती चिन्हं आडनावाला मिळत नसत, त्या त्या माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळत. योमन घराण्यांकडे बहुधा ती नसतच. आडनाव सांगितलं की ढाल छापून देणारी दुकानं आहेत. व्याह्यांना दुखवू नका, चित्र भिंतीवर राहू द्या, पण शोध त्यावरून सुरू करू नका.

सुरुवात नातवापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. इंग्लंडमध्ये उडी मारायची घाई नको, तिथेच सगळे फसतात. आडनाव सारखं दिसलं की लोक इंग्लंडमधलं एखादं सुखवस्तू घराणं निवडून स्वतःला चिकटवून घेतात. घरात जुनं बायबल असेल तर आधी ते बघा. पहिल्या किंवा मधल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहून ठेवायची रीत होती. मग जनगणना, मग काउंटीच्या कचेरीतली खरेदीखतं आणि मृत्युपत्रं. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर यातलं पुष्कळ फुकट पाहायला मिळतं. याच संस्थेच्या लोकांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म केली, एवढा त्यांचा पसारा आहे.

एक सूचना तारखांबद्दल. १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी १६१५ असं लिहिलेलं असेल तर आपल्या हिशोबाने ते १६१६. मी वर रिचर्डच्या मृत्युपत्राचं साल तसंच धरलंय. हे न कळल्यामुळे मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलं असं वाटतं आणि लोक खरी नोंद टाकून देतात.

अमोघ

मला एक सांगा, खुद्द लिंकनला हे सगळं माहीत होतं का?

शाईदौत

नव्हतं. आणि मी 'नावाच्या मागे जाऊ नका' म्हणते ते याच गोष्टीवरून.

मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅममध्ये सॉलोमन लिंकन नावाचे गृहस्थ होते, गावाचा इतिहास लिहिणारे. १८४८ मध्ये अब्राहम लिंकन काँग्रेसमध्ये होता, तेव्हा त्यांनी पत्राने विचारलं, तुमचं घराणं कुठलं? लिंकनने उत्तर दिलं : वडील थॉमस, आजोबा अब्राहम. आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून १७८२ च्या सुमारास केंटकीला गेले आणि दोन वर्षांनी मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून आले आणि ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते असं घरात अंधुक सांगतात. त्यापलीकडे काही नाही. पुढे १८५९ मध्येही त्याने लिहिलं, की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे आढळतात याहून जास्त हाती लागलं नाही.

म्हणजे नावं डोळ्यांपुढे होती. मॉर्डेकायसारखं वेगळं नाव दोन्हीकडे असूनही त्याने त्यावर विसंबून उडी मारली नाही. वकील होता तो, पुरावा कशाला म्हणतात ते जाणत होता.

पुरावा लागला १८८७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी. सॅम्युएल शॅकफर्ड नावाच्या संशोधकाने तो मांडला, आणि तो जमिनीचा होता. दुसरा मॉर्डेकाय मॅसॅच्युसेट्स सोडून न्यू जर्सीला गेला, तिथे हॅना सॉल्टरशी लग्न केलं, जमीन घेतली, मग पेनसिल्व्हेनियात जाऊन स्थिरावला. १७३६ मध्ये वारला. मृत्युपत्रात न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन थोरल्या जॉनला दिली. १७४८ मध्ये पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका जॉन लिंकनने ती ३०० एकर विकली, आणि खरेदीखतात आपण मॉर्डेकायचा मुलगा आणि वारस असल्याचं लिहून दिलं. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला. न्यू इंग्लंड आणि व्हर्जिनिया यांच्यातला तुटलेला दुवा त्या एका खरेदीखताने सांधला. इंग्लंडकडची बाजू, म्हणजे रिचर्डचं मृत्युपत्र वगैरे, १९०९ मध्ये ली आणि हचिन्सन या दोघांनी छापून आणली. मी फक्त त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवून चालले.

कृष्णाकाठ

खरेदीखतात 'मला ही जमीन कशी आली' हे लिहावंच लागतं. आमच्याकडेही दस्ताच्या सुरुवातीला ते येतंच : वडिलोपार्जित, खरेदी, बक्षीस. विकणाऱ्याला हक्क सिद्ध करायचा असतो म्हणून तो बापाचं नाव सांगतो. पुढच्या पिढ्यांसाठी कुणी लिहीत नाही, पण उपयोग त्यांना होतो. फार समाधान वाटलं वाचून.

एक विचारतो. इंग्लंडात बरं चाललेली माणसं घरदार विकून गेली का? आपल्याकडे मिरासदार गाव सोडून गेला तरी वर्षानुवर्षांनी परत येऊन आपली मिरास मागू शके. यांनी परतीचे दोर का कापले?

शाईदौत

काका, कारण धर्माचं आणि पोटाचं, दोन्ही. १६३५ मध्ये मॅथ्यू रेन हा नॉरिचचा बिशप झाला. वेदी पूर्वेला, तिच्याभोवती कठडा, ठरलेले विधी, ठरलेले कपडे, असा त्याचा काटेकोर कारभार. हिंगहॅमचा रेक्टर रॉबर्ट पेक हा १६०५ पासून गावात असलेला कट्टर प्युरिटन. त्याने कठडा उखडून टाकला. त्याच्यावर कारवाई झाली. गावचाच पीटर होबार्ट आधीच १६३५ मध्ये पलीकडे जाऊन बसला होता, आणि तिथल्या बेअर कोव्ह नावाच्या वस्तीला त्याच वर्षी हिंगहॅम नाव मिळालं होतं. १६३८ मध्ये 'डिलिजंट' नावाच्या जहाजाने १३३ माणसं गेली, त्यात पेकही होता. तिथे पोचलेल्या डॅनियल कुशिंगने सगळ्यांची यादी ठेवली : १६३३ ते १६३९ मध्ये हिंगहॅम आणि आसपासची २०६ माणसं. मागे राहिलेल्या गावकऱ्यांनी संसदेकडे गाऱ्हाणं केलं, की ऐपतदार माणसं गेली, जमिनी निम्म्या किमतीत विकून गेली, आता गरिबांना पोसायचं कुणी? १६३० च्या दशकात इंग्लंडमधून न्यू इंग्लंडला साधारण २०,००० लोक गेले असं मानतात. हिंगहॅम त्यातलं एक.

पेक मात्र १६४१ मध्ये, इकडचं वारं फिरल्यावर, परत आला. म्हणजे काहींनी दोर ठेवले होते.

लिंकन भावंडांकडे विकायला फारसं नव्हतंच. त्यांचा बाप १६४० च्या फेब्रुवारीत इथेच वारला. हिंगहॅमच्या चर्चमध्ये आज त्यांच्या वंशजाचा अर्धपुतळा आहे, १९१९ मध्ये अमेरिकेच्या राजदूताने त्याचं अनावरण केलं. मी गेले त्या दिवशी कुणीतरी त्याच्याखाली बरणीत डॅफोडिल ठेवली होती. चर्चमधल्या बाईंनी सांगितलं, गावातलीच मुलं ठेवतात.

प्राजक्त

एक गोष्ट राहतेय. इथलं हिंगहॅम १६३५ मध्ये वसलं, पण इथल्या मूळ लोकांचा सरदार वॉम्पाटक आणि त्याच्या माणसांनी जमीन लिहून दिल्याचा दस्त जुलै १६६५ चा आहे. तीस वर्षांनी. तोवर दोन पिढ्यांची घरं उभी राहिली होती आणि जमिनीचे तुकडे हातोहात फिरले होते. सॅम्युएलने घराची जागा घेतली ती १६४९ मध्ये. जमिनीच्या मागे जायचं तर इथपर्यंत जायला हवं.

शाईदौत

बरोबर आहे, आणि मी ते टाळायला नको होतं. या घराण्याच्या कागदात त्या लोकांची दुसरी बाजू कुठेच बोलत नाही. आजोबा अब्राहम १७८६ मध्ये केंटकीत शेतात मारला गेला. घरातल्या आठवणीत फक्त तेवढंच राहिलं, त्या जमिनीवर आधी कोण होतं ते नाही.

अमोघ

वर लिंकनच्या पत्रात 'दोन वर्षांनी मारले गेले' म्हणजे १७८४ येतं. तुम्ही १७८६ लिहिलंय.

शाईदौत

नीट पाहिलंत. लिंकनने घरात ऐकलेलं लिहिलं. कागदाप्रमाणे मे १७८६. आणि या सालाने थॉमसचं आयुष्य ठरवलं.

केंटकी तेव्हा व्हर्जिनियात होतं. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता मेलेल्याची जमीन थोरल्या मुलाला जाई. हा नियम बदलून सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा कायदा १७८५ मध्ये झाला, पण तो लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. बाप मेला त्याच्या सात-आठ महिने आधी. थोरल्या मॉर्डेकायकडे जमीन गेली. आठ वर्षांचा थॉमस भटकत मजुरी करत वाढला, त्याला लिहितावाचता धड आलं नाही.

१६१६ मध्ये थोरल्याला डावललं म्हणून एक शाखा उखडली. १७८६ मध्ये थोरल्याला सगळं गेलं म्हणून दुसरी.

कृष्णाकाठ

आणि थॉमस केंटकीतून पुढे इंडियानाला गेला तेही जमिनीपायीच ना? कुठेतरी वाचल्यासारखं आठवतं.

शाईदौत

हो काका. १८१६ मध्ये. लिंकनने स्वतः लिहिलंय, की काहीसं गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः केंटकीतल्या जमिनीच्या हक्कांच्या भानगडीमुळे. तिथे मोजणी म्हणजे अमक्या ओकपासून तमक्या खडकापर्यंत, तिथून ओढ्याच्या वळणापर्यंत. झाड पडलं, ओढा सरकला, की दोघांचा दावा एकाच तुकड्यावर.

कृष्णाकाठ

चतुःसीमा! पूर्वेस ओढा, पश्चिमेस बाभळ. अशा दस्तांवरून किती हद्दीच्या तक्रारी हाताळल्या त्याची गणती नाही. बाभळ तोडली की भांडण सुरू. इंडियानात काय वेगळं होतं?

शाईदौत

तिथे सरकारने आधी मोजून चौकोन पाडले होते आणि मग विक्री केली. खूणगाठ झाडाची नाही, नकाशातल्या क्रमांकाची. थॉमसला तो क्रमांक हवा होता.

सुनंदामावशी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. सुनेच्या आजीकडे बायबल होतं. मधल्या पानांवर शाईने नावं, शेवटची नोंद १९३१ ची, पहिली १८०६ ची. नातवाने भिंगाने एकेक नाव वाचलं आणि मी वहीत उतरवलं. पानांच्या मध्ये घडी घातलेला एक कागद होता, कुठल्याशा शेताच्या विक्रीचा. खालचा कोपरा फाटलाय, पण वरच्या ओळीत 'माझे वडील' आणि पुढे नाव आहे. ते नाव बायबलात नाही. म्हणजे एक पिढी मागे गेलो ना आम्ही?

शाईदौत

गेलात, मावशी. आता त्या शेताची काउंटी कोणती ते बघा, आणि तिथल्या कचेरीत या वडिलांच्या नावाचं खरेदीखत मागा. कागदाची घडी पुन्हा पुन्हा उघडू नका, आजच दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.